स्नोशू घालून चालणाऱ्यांसाठी: ॲव्हलांचचा कोर्स आणि रॉजर्स पासचं परमिट

२०२४-२५ च्या हिवाळ्यात मी आणि माझ्या नवऱ्याने एएसटी वन, म्हणजे ॲव्हलांच (हिमस्खलन) स्किल्स ट्रेनिंगचा पहिला कोर्स केला आणि नंतर मार्चमध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या रॉजर्स पास या डोंगरी खिंडीत जाऊन आलो. कोर्सच्या आधी मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून मी बरंच शोधलं, काही मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. आम्ही कॅनडात कॅलगरीला राहतो, स्कीइंग करत नाही, स्नोशूज, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांना बांधायच्या रुंद चौकटी, घालून चालतो. हे आधीच सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की ॲव्हलांच ही स्कीवाल्यांची भानगड आहे, आपण काय, आपण तर तलावापर्यंत जाऊन थर्मासमधला चहा पिऊन परत येणार. पण जुलैमध्ये ज्या ट्रेलवर आपण सासूसासऱ्यांना घेऊन जातो तोच ट्रेल जानेवारीत तीन-चार ॲव्हलांचच्या वाटांखालून जात असतो, आणि ट्रेलच्या ॲपमध्ये तो "सोपा"च लिहिलेला असतो कारण ते सगळे रिव्ह्यू उन्हाळ्यातले असतात.

कॅलगरीत जुन्या लोकांशी हा विषय काढला की २००३ निघतंच. त्या वर्षी १ फेब्रुवारीला इथून जवळच्याच एका शाळेची मुलं रॉजर्स पासच्या कॉनॉट क्रीकच्या दरीत स्कीवर चालली होती, समोरच्या चीऑप्स नावाच्या डोंगरावरून हिमस्खलन आलं आणि सात मुलं गेली. ती मुलं उतारावर नव्हतीच, दरीच्या तळाशी होती. त्याच्या बाराच दिवस आधी, २० जानेवारीला, रेव्हलस्टोकजवळच्या ड्युरांड ग्लेशियरवर दुसऱ्या घटनेत आणखी सात जण गेले होते. आज कॅनडात सामान्य माणसाला ॲव्हलांचची जी माहिती फुकट मिळते, रोजचं फोरकास्ट काय, ट्रेलचं सिंपल, चॅलेंजिंग, कॉम्प्लेक्स असं वर्गीकरण काय, त्यातलं बरंचसं त्या हिवाळ्यानंतर उभं राहिलंय. ॲव्हलांच कॅनडा ही संस्थाही त्यानंतर २००४ मध्ये सुरू झाली, तिचं ऑफिस रेव्हलस्टोकला आहे.

तर, ऑक्टोबर. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने सांगितलं की पैसे भरायच्या आधी ॲव्ही सॅव्ही करा, ते ॲव्हलांच कॅनडाचं ऑनलाइन ट्यूटोरियल आहे, पूर्ण फुकट. मी रात्री जेवणं आटोपल्यावर थोडं थोडं करत संपवलं. इंग्लिश सोपं आहे, चित्रं आणि व्हिडिओ भरपूर. हे करून कोर्सला जा, कारण वर्गात शब्द भराभर येतात, विंड स्लॅब, पर्सिस्टंट स्लॅब, कॉर्निस, आणि ते आधी एकदा डोळ्यांखालून गेलेले असले की बरं पडतं. ज्यांना कोर्स करायचाच नाहीये त्यांनीसुद्धा निदान एवढं करावं असं मला फार मनापासून वाटतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुकिंगला बसलो तर डिसेंबरच्या शनिवार-रविवारच्या बॅचेस भरलेल्या. जानेवारीतही वेटलिस्ट. शिवाय बऱ्याच बॅचेस फक्त स्की आणि स्प्लिटबोर्डवाल्यांसाठी असतात, कारण फील्डच्या दिवशी सगळ्यांचा चालायचा वेग सारखा लागतो, तेव्हा "स्नोशूज चालतील का" हे बुकिंगच्या आधी ईमेल करून विचाराच. आम्हाला उत्तर यायला चार दिवस लागले, मग स्नोशूवाल्यांच्या वेगळ्या बॅचच्या वेटलिस्टवर नाव घातलं, आणि डिसेंबरच्या मध्यात मेल आला की १८-१९ जानेवारीला दोन जागा आहेत, २४ तासांत पैसे भरा. माणशी साधारण सव्वातीनशे डॉलर अधिक जीएसटी. दोघांचे मिळून सातशेच्या जवळ गेले, आणि खरं सांगायचं तर पैसे भरताना छातीत धस्स झालं, कारण अजून सामान बाकी होतं.

पैसे भरल्यावर वेव्हर येतो. तो फॉर्म निवांत वाचा, नुसतं खाली स्क्रोल करून सही करू नका. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हिमस्खलनात जखम किंवा मृत्यू होऊ शकतो आणि तुम्ही कंपनीवर दावा करायचा हक्क सोडताय. मी ते वाचून अर्धा तास नुसती बसून होते. नवरा म्हणाला, "अगं, गाडी चालवताना पण धोका असतोच की." ते खरंय, पण मला ते वाचून भीती वाटली आणि ती वाटायलाच हवी होती असं मला आजही वाटतं. फॉर्ममध्ये तब्येतीची माहिती, औषधं, इमर्जन्सी काँटॅक्ट हेही विचारतात. इमर्जन्सी काँटॅक्ट कॅनडातला द्या. आमच्या बॅचमधल्या एकाने भारतातल्या भावाचा नंबर दिला होता, तो त्यांनी बदलायला लावला.

सामान तीन गोष्टींचं: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि शॉव्हेल. हे तिन्ही प्रत्येकाकडे हवं, दोघांत मिळून एक असं चालत नाही, कारण ज्याच्याकडे फावडं आहे तोच गाडला गेला तर दुसऱ्याने काय करायचं. ट्रान्सीव्हर म्हणजे अंगावर बांधायचं छोटं यंत्र, ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडत असतं आणि कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापली यंत्रं सर्चवर टाकून त्याला शोधतात. प्रोब म्हणजे अडीच-तीन मीटरची घडीची काठी. आणि फावडं धातूचंच घ्या, प्लॅस्टिकचं नको, थांबलेलं हिमस्खलन इतकं घट्ट बसतं की प्लॅस्टिक त्यात मोडतं. तिन्हीचा सेट आम्ही भाड्याने घेतला, वीकेंडचे माणशी पंचेचाळीस डॉलर. दुकानातून घेतानाच दोन गोष्टी बघा: बॅटरी किती टक्के आहे, आणि दोन यंत्रं समोरासमोर धरून एक सर्चवर टाकली की दुसरं सापडतंय का. बॅटऱ्या साध्या अल्कलाइनच्याच, रिचार्जेबल घालू नका, त्यांचा चार्ज किती उरलाय ते यंत्राला नीट कळत नाही.

१८ जानेवारी, शनिवार. वर्ग एका कम्युनिटी हॉलमध्ये, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेचार. डबा घेऊन जा, आसपास काही मिळत नाही. आम्ही पराठे नेले होते. इन्स्ट्रक्टर पन्नाशीची बाई होती, बरीच वर्षं स्की रिसॉर्टच्या सुरक्षा पथकात (स्की पट्रोल) काम केलेली, आवाज शांत. तिने पहिल्या तासातच सांगितलं की ज्या हिमस्खलनांत माणसं मरतात त्यातली दहापैकी नऊ त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या सोबतच्याने सुरू केलेली असतात. वर्गात एकदम शांतता. मी इतकी वर्षं समजत होते की ते वरून येतं, आपलं नशीब. २००३ सारखं वरून येतंच, पण बहुतेक वेळा आपलंच वजन त्या उताराला पुरेसं असतं.

मग उताराचा कोन. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर स्लॅब, म्हणजे बर्फाचे घट्ट थर, सुटतात, त्यातही अडतीसच्या आसपास सगळ्यात जास्त. तीसच्या खाली सहसा सुटत नाही, पण तुम्ही पंधरा अंशांच्या सपाट जागेवर उभे असाल आणि डोक्यावर अडतीस अंशांचा उतार असेल तर तुम्ही ॲव्हलांचच्या जागेतच आहात. ही गोष्ट स्नोशूवाल्यांनी लाल पेनाने लिहून ठेवायला हवी, कारण आपण नेमके अशाच जागी असतो, दरीच्या तळाशी, तलावाच्या कडेला, फोटो काढत. कोन मोजायला होकायंत्रात काटा असतो, फोनची ॲप्सही आहेत, आणि घरी बसून नकाशावर उतारांचे रंग दाखवणारे लेयर्सही बघता येतात. झाडं बघायची: जंगलात मधूनच उभा पट्टा मोकळा दिसला, किंवा झाडांच्या वरच्याच बाजूच्या फांद्या तुटलेल्या दिसल्या, तर तिथून बर्फ येऊन गेलेला असतो.

मला सगळ्यात आवडलेला भाग बर्फाच्या थरांचा. आमच्या रॉकीजमध्ये बर्फ पातळ असतो आणि थंडी कडक. जमिनीजवळचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो आणि वरची हवा उणे पंचवीस, आणि मध्ये जेमतेम मीटरभर बर्फ. एवढ्या कमी अंतरात एवढा तापमानाचा फरक पडला की खालच्या उबदार थरातली वाफ वर जायला लागते आणि जाता जाता बर्फाच्या कणांचा आकारच बदलते. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक असला की हे सुरू होतं. एकमेकांना चिकटून असलेले कण सुटे, टोकदार होतात, हातात घेतले तर जाड साखरेसारखे बोटांमधून गळतात. या सुट्या थरावर नंतर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो, आणि खाली सुटं, वर घट्ट अशी रचना तयार होते. वरचा घट्ट थर म्हणजे स्लॅब. माणूस त्यावर चालला की खालचा थर कोसळतो, ती मोड क्षणात बाजूला पसरत जाते आणि अख्खा उतार निसटतो. हे आठवडेच्या आठवडे तसंच गाडलेलं राहू शकतं, वरून काही म्हणजे काही दिसत नाही, वर सुंदर ऊन पडलेलं असतं. याच उतारावर काल दहा जण जाऊन आले याचा अर्थ तो घट्ट आहे असा होत नाही, अकरावा जिथे थर पातळ आहे तिथे पाय ठेवतो.

दुपारी फोरकास्ट वाचायला शिकवलं. रोज दुपारी चारच्या सुमारास दुसऱ्या दिवसाचं येतं. नॅशनल पार्क्सचं पार्क्स कॅनडा करतं, कॅलगरीजवळच्या कॅनानास्किस या डोंगराळ भागाचं तिथले लोक वेगळं करतात, पण सगळं ॲव्हलांच कॅनडाच्या ॲपवर एकत्र दिसतं. धोका तीन पट्ट्यांत देतात, खाली जंगलात, जंगल संपतं तिथे म्हणजे ट्रीलाइनला आणि त्याच्या वर उघड्या अल्पाइनमध्ये, आणि पाच पायऱ्या असतात: लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. कन्सिडरेबल पाचातला तिसरा म्हणून लोकांना मधला वाटतो, "चालतंय" वाटतं, आणि सगळ्यात जास्त माणसं अशाच दिवशी दगावतात. नुसता आकडा बघून ॲप बंद करायचं नाही, खाली प्रॉब्लेम लिहिलेला असतो, कुठल्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीवर, किती मोठं येऊ शकतं, ते वाचायचं. मग अव्हॅल्युएटर नावाचं कार्ड मिळतं, त्यावर एका बाजूला धोक्याची पायरी आणि दुसऱ्या बाजूला ट्रेलचं वर्गीकरण, दोन्ही जुळवून बघायचं की आज तिथे जावं की नाही. ते कार्ड आता आमच्या फ्रिजवर चिकटवलंय.

१९ जानेवारी, रविवार, फील्ड डे. जागा बो समिट, लेक लुईसच्या पुढे आइसफील्ड्स पार्कवेवर. पहाटे पाचला निघालो. या रस्त्यावर नोव्हेंबर ते मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, लेक लुईसच्या पुढे फोनला रेंज नाही, पेट्रोल नाही, तेव्हा टाकी लेक लुईसला भरून घ्या. पार्क पास लागतो, वर्षाचा फॅमिली पास तेव्हा दीडशे डॉलरच्या आसपास होता आणि तो नसेल तर दिवसाचा घेता येतो. पार्किंगमध्ये उतरलो तेव्हा उणे तेवीस. थर्मासचं झाकण उघडेना.

निघण्याआधी ट्रान्सीव्हर चेक: एक जण पुढे सर्चवर उभा राहतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून चालत जातात, प्रत्येकाचं यंत्र वाजतंय ना बघायला. फोन ट्रान्सीव्हरपासून लांबच्या खिशात, शक्यतो बंद. गरम होणारे हातमोजे असतील तर तेही बंद, त्यांनी सिग्नलमध्ये गडबड होते. ट्रान्सीव्हर जॅकेटवर नाही बांधायचा, आतल्या थरावर बांधायचा, जॅकेट आपण काढून ठेवतो.

अर्धा तास चालल्यावर एका सपाट मोकळ्या जागी आमच्या पायाखालून "व्हूम्फ" असा आवाज आला, दबका, आणि मला पाय जरासा खाली गेल्यासारखं वाटलं. दहा फुटांवरच्या छोट्या झाडाच्या शेंड्यावरचा बर्फ खाली पडला. इन्स्ट्रक्टरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाली, "हेच ते. खालचा थर आत्ता कोसळला. जागा सपाट म्हणून काही झालं नाही, हाच आवाज उतारावर आला असता तर उतार गेला असता." पुस्तकात दहा वेळा वाचलं तरी पायाला जे कळलं ते वेगळंच, मला पुढची पाच मिनिटं बोलायलाच सुचेना.

मग खड्डा खणला, पार जमिनीपर्यंत, एक मीटर दहा सेंटिमीटर भरला. भिंत फावड्याने सरळ तासून घ्यायची आणि थर हाताने बघत जायचे: मूठ आत जाते का, चार बोटं जातात का, एक बोट, पेन्सिल, की चाकूच लागतो. वर मूठ सहज आत गेली, मधल्या थरात एकच बोट, आणि खालच्या तीस सेंटिमीटरमध्ये पुन्हा मूठ, आत घालून बाहेर काढली तर ते दाणे हातमोज्यावरून गळून गेले. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब सुटा करायचा, त्यावर फावडं पालथं ठेवायचं आणि टपल्या मारायच्या, दहा मनगटापासून, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून. मनगटाच्या दहांना काही नाही. कोपराच्या तिसऱ्या टपलीला खांब एकदम सरळ रेषेत कापला गेला आणि वरचा ठोकळा अख्खाच्या अख्खा माझ्या मांडीवर सरकून आला. कडा इतक्या स्वच्छ की कुणी सुरीने कापलाय असं वाटावं. इन्स्ट्रक्टरने लगेच बजावलं, एका खड्ड्यावरून उतार सुरक्षित आहे असं कधीही ठरवायचं नाही, पंधरा पावलांवर चित्र वेगळं असू शकतं. खड्डा वाईट निघाला तर परत फिरायचं, चांगला निघाला तरी फोरकास्टच मानायचं.

दुपारी रेस्क्यू. ट्रान्सीव्हर एका पिशवीत घालून पुरलेला, आणि घड्याळ लावलेलं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण वाचतात, त्यानंतर आकडा भराभर पडतो आणि अर्ध्या तासाला तिघांतला एखादाच उरतो. कॅनडात तर साधारण चारातला एक जण गुदमरून नाही, झाडाखडकांवर आपटूनच जातो, त्याला कितीही लवकर काढा. हे आकडे डोक्यात घेऊन मी चालायला लागले. यंत्रावर ३८ मीटर, मग ३१, बाण जरा डावीकडे, २४, १६, इथपर्यंत पळायचं. दहाच्या खाली आल्यावर वेग कमी करायचा, तीनच्या खाली गुडघ्यावर बसून यंत्र बर्फाला टेकवून हळूहळू पुढे-मागे, मग डावी-उजवी, सगळ्यात लहान आकडा शोधायचा. माझा १.१ वर थांबला. तिथून प्रोब, उताराला काटकोनात, पंचवीस सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल. जमिनीवर प्रोब टक्कन आपटतो, आणि पिशवीला लागला तेव्हा तो अडला पण आपटला नाही. प्रोब तिथेच ठेवायचा, काढायचा नाही. आणि खणायचं ते बरोब्बर वरून नाही, खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट मागे सरकून, बर्फ मागे ढकलत. पिशवी बाहेर आली तेव्हा मला धाप लागली होती, हात थरथरत होते, आणि घड्याळात नऊ मिनिटं होऊन गेली होती. पैकी खणण्यातच पाच-साडेपाच. नवरा समोर उभा होता, तो काही बोलला नाही, मीही नाही, पण त्या संध्याकाळी गाडीत आम्ही दोघांनी ठरवलं की ही वेळ येईल अशा जागी जायचंच नाही. इन्स्ट्रक्टरही दिवसभर तेच सांगत होती: ट्रान्सीव्हर शेवटची गोष्ट आहे, पहिली गोष्ट वाट निवडणं.

सर्टिफिकेट आठवड्याने ईमेलवर आलं. ॲव्हलांच कॅनडाच्या कोर्समध्ये पास-नापास नसतं.

फेब्रुवारीत आम्ही स्वतःचे सेट घेतले, सेलमध्ये, तिन्ही मिळून माणशी साडेपाचशेच्या आसपास. घराजवळच्या पार्कात ट्रान्सीव्हर पुरून सराव करायचो, कुत्रे फिरवणारे लोक थांबून विचारायचे. आणि चारचं फोरकास्ट वाचायची सवय लावली, जायचं नसलं तरी. रोज वाचलं की गोष्ट पुढे कशी सरकतेय ते कळतं, कुठला थर कधीचा, वारा कुठून आला, चिनूक नावाच्या गरम वाऱ्याने एका रात्रीत तापमान वीस अंशांनी कसं वर नेलं. फेब्रुवारीच्या शेवटी कॅनानास्किसला एका ग्रुपसोबत जायचं ठरलं होतं, आदल्या दिवशी ट्रीलाइनला हाय आलं आणि वाट दोन मोठ्या उतारांखालून जाणारी. मी फोन करून सांगितलं आपण नको जायला. मैत्रीण म्हणाली, "अगं, काय मस्त ऊन दाखवतंय उद्या, आणि मुलांनी बॅगापण भरल्यात." मी तिला ते फोरकास्ट फोनवर वाचून दाखवलं, तिच्या नवऱ्यालाही वाचून दाखवलं. शेवटी सगळे शहरातल्याच एका टेकडीवर स्लेजिंगला गेलो. नाराज होते थोडे. असू देत.

त्याच दिवसांत, २८ फेब्रुवारी २०२५ ला, उत्तराखंडात बद्रीनाथच्या वर माणाजवळ रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या बीआरओच्या (बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन) मजुरांच्या कँपवर हिमस्खलन आलं. ५४ जण होते, ४६ वाचले, आठ गेले. आईचा सांगलीहून फोन आला, "टीव्हीवर बघितलं का, आणि तुम्ही काय त्याच बर्फात जाताय?" मी तिला काय काय शिकलो ते सांगितलं, तिचं समाधान झालं नाही, आणि माझाही तिला पटवायचा आग्रह नव्हता.

मार्चमध्ये रॉजर्स पास. हे ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये आहे, कॅलगरीपासून गाडीने चार तास, रस्ता चांगला असेल तर. इथून ट्रान्स-कॅनडा हायवे जातो आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी शंभराच्या वर ॲव्हलांचच्या वाटा येतात, म्हणून कॅनडाचं लष्कर हिवाळाभर तिथे १०५ मिलिमीटरच्या तोफा घेऊन असतं, उतारांवर गोळे टाकून बर्फ आधीच पाडतात. ज्या उतारावर गोळा पडणार तिथे माणूस असून चालणार नाही, म्हणून परमिट. काही जागा हिवाळाभर पूर्ण बंद, काही अशा की त्या दिवशी उघड्या आहेत की बंद हे सकाळी जाहीर होतं, आणि काही नेहमी उघड्या. वर्षाच्या परमिटसाठी माहिती वाचून ऑनलाइन क्विझ द्यायची असते. परमिटला पैसे नाहीत, पण पार्क पास लागतोच. क्विझला घाईने बसू नका, नकाशा दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा, कुठल्या पार्किंगमधून कुठला भाग लागतो असे प्रश्न असतात. माणसाचं परमिट वेगळं आणि गाडीच्या काचेवर ठेवायचं पार्किंगचं वेगळं, दोन्ही घरूनच प्रिंट करून न्या.

आम्ही चौघे होतो आणि आम्ही गाइड घेतला. कोर्स झालाय म्हणून रॉजर्स पासमध्ये स्वतःहून फिरावं एवढं आम्हाला येत नाही, हे साधं आहे. एसीएमजीचा, म्हणजे कॅनडातल्या डोंगरी गाइडांच्या संघटनेचा, सर्टिफाइड गाइड, दिवसाचे साडेसहाशे, चौघांत वाटून घेतले. जानेवारीच्या कोरड्या थंडीत तयार झालेला कमकुवत थर तेव्हा रॉजर्स पासच्या भागातल्या कोलंबिया पर्वतांत खोल गाडलेला होता, त्यामुळे गाइडने आधीच फोनवर सांगितलं की आपण झाडांतच राहू, वर जायचं नाही. आदल्या दिवशी वाटेतल्या गोल्डन या गावी मुक्काम केला, कारण सकाळी हायवे तोफांसाठी बंद होऊ शकतो आणि मग दीड-दोन तास गाडीत बसावं लागतं. तसंच झालं. रांगेत पाऊण तास थांबलो, रस्ते उघडे की बंद ते सांगणाऱ्या ड्राइव्हबीसीच्या साइटवर बघत बसलो. पाणी, खाणं, जास्तीचं ब्लँकेट गाडीत ठेवा. आणि गोल्डन सोडल्यावर टाइम झोन बदलून घड्याळ एक तास मागे गेलं, गाइडला भेटायची वेळ कुठली ते आधी नीट ठरवून घ्या.

इलिसिलिवेटच्या पार्किंगला गाडी लावून जुन्या रेल्वेमार्गाच्या सपाट वाटेने जंगलात शिरलो. इथे ग्लेशियर हाउस नावाचं रेल्वे कंपनीचं हॉटेल होतं, आता बर्फाखाली नुसता पाया. ४ मार्च १९१० च्या रात्री रॉजर्स पासमध्ये रुळांवर एक हिमस्खलन आलं होतं, ते उपसायला मजूर उतरले आणि समोरच्या डोंगरावरून दुसरं आलं. ५८ माणसं गेली, त्यात ३२ जपानी मजूर होते. त्यानंतर रेल्वेने डोंगराखालून आठ किलोमीटरचा कॉनॉट बोगदा खणला, १९१६ मध्ये गाडी बोगद्यातून जायला लागली, हॉटेल एका बाजूला पडलं आणि १९२५ मध्ये बंद झालं. हे सगळं गाइड चालता चालता सांगत होता आणि माझ्या डोक्यात माणाचे मजूर होते. तेही कुठल्या शिखरावर निघाले नव्हते, दुसऱ्यांसाठी रस्ता मोकळा करत होते.

दोन तासांनी जंगल विरळ झालं, पुढे आसुल्कनची दरी उघडते आणि दोन्ही बाजूंचे उतार थेट वाटेवर येतात. गाइडने आम्हाला विचारलं, "तुम्ही सांगा, पुढे काय?" आम्ही चौघांनी आळीपाळीने सांगितलं, वर काय आहे, कोन किती वाटतोय, वारा कुठून होता, कालपासून ऊन किती लागलंय. चौघांचंही उत्तर इथूनच परत असं आलं. त्याने मान हलवली आणि आम्ही झाडांखाली बसून पोहे खाल्ले, थंडगार, तरी संपले.

परतल्यावर ॲव्हलांच कॅनडाच्या ॲपच्या माउंटन इन्फर्मेशन नेटवर्कवर आम्ही फोटो आणि दोन ओळी टाकल्या, बर्फ किती होता, कुठे चाललो. सामान्य माणसांच्या अशा नोंदी फोरकास्टवाले वाचतात, तेव्हा संकोच करू नका, "काही विशेष दिसलं नाही" हीसुद्धा माहिती असते.

भारतात हिवाळी ट्रेक करणाऱ्यांनी मला विचारलंय म्हणून: जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ट्रेक कंपनीला बुकिंगच्या आधी विचारा की ते इशारे तुम्ही रोज बघता का, ट्रेक रद्द करायचा निर्णय कोण घेतं, आणि लीडरकडे ट्रान्सीव्हर आहे का, असला तर आमच्यासाठी आहे का.

आणि इथल्यांसाठी, बॅचेस सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्येच उघडतात. डिसेंबरची घ्या म्हणजे अख्खा हिवाळा हातात राहतो. दोघांचा खर्च कोर्स, भाडं, स्वतःचं सामान, गाइडमधला आमचा वाटा, गोल्डनचा मुक्काम आणि पेट्रोल धरून सव्वादोन हजार डॉलरच्या वर गेला. सामान एकदम घ्यायची गरज नाही, पहिलं वर्ष भाड्यावर निघतं. येत्या डिसेंबरात आम्ही एक दिवसाचा कंपॅनियन रेस्क्यू, म्हणजे गाडल्या गेलेल्या साथीदाराला काढायचा, कोर्स करणार आहोत, खणायची ती साडेपाच मिनिटं कमी करायला. आमच्या चौघांतले बाकीचे दोघंही येतायत.